आपल्या माणसांविरुद्ध साक्ष

सत्य बोलावे याबद्दल कोणत्याही धर्मात किंवा पंथात दुमत नाही. दुमत सुरू होते ते सत्य कुणाविषयी बोलायचे आणि कुणासमोर बोलायचे, या मुद्द्यापाशी. परक्यांचा अन्याय उघड करणारा माणूस आपल्या मोहल्ल्यात शूर ठरतो. तोच माणूस उद्या आपल्या जमातीतल्या अन्यायाविषयी बोलू लागला, की 'हे खरे आहे का?' असे त्याला कुणी विचारत नाही. 'हे आत्ताच बोलायची काय गरज होती?' असे विचारतात. त्यापुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : 'विरोधकांच्या हाती कोलीत कशाला देता?'

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जो समाज संख्येने थोडा आहे, ज्याच्याकडे संशयाने पाहण्याची इतरांना सवय लागली आहे, त्या समाजात घरातली गोष्ट बाहेर गेली तर तिचे काय होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. म्हणून हा प्रश्न विचारणाऱ्याला लगेच सनातनी किंवा भित्रा ठरवणे योग्य नाही. त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. या उत्तराच्या शोधात मला जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म' या छोट्या कादंबरीचा इतिहास फार उपयोगी वाटतो. कारण ती लिहिणाऱ्याला नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता.

कादंबरीची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. एका इंग्रज शेतमालकाच्या जुलमाला कंटाळून त्याची जनावरे बंड करतात, त्याला हाकलून देतात आणि सर्वांच्या समानतेचे राज्य स्थापन करतात. भिंतीवर सात आज्ञा रंगवल्या जातात. कारभार मात्र डुकरांच्या हाती जातो. मग एकेक आज्ञा रात्रीतून बदलत जाते आणि अखेरीस डुक्कर कोणते नि माणूस कोणता, हे इतर जनावरांना ओळखता येत नाही.

जनावरांच्या तोंडून राजाला शहाणपण सांगण्याची रीत आपल्याला नवी नाही. पंचतंत्रातल्या कथा पहलवी भाषेतून इब्न अल-मुकफ्फाने आठव्या शतकात अरबीत आणल्या आणि 'कलिला व दिमना' हा ग्रंथ झाला. अब्बासी खलिफा मन्सूरच्या काळात या लेखकाला जीव गमवावा लागला. दहाव्या शतकात बसऱ्याच्या 'इख्वान अस्-सफा' या विद्वानांच्या मंडळाने तर सगळे प्राणी जिन्नांच्या राजापुढे माणसाविरुद्ध फिर्याद घेऊन जातात, अशी कथाच रचली. बैल, गाढव, मेंढी आपापली कैफियत मांडतात आणि माणूस आपल्या श्रेष्ठपणाचा पुरावा देताना अडखळतो. तेव्हा ऑर्वेलने हाती घेतलेले हत्यार जुने होते. ते त्याने कुणावर चालवले, हा खरा मुद्दा आहे.

ऑर्वेलचे खरे नाव एरिक ब्लेअर. त्याचा जन्म 1903 साली बिहारमधल्या मोतिहारीत झाला. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. तो स्वतः 1922 ते 1927 या काळात ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. साम्राज्याची चाकरी करता करता त्याला साम्राज्याची किळस आली आणि तो समाजवादाकडे वळला. 1936 च्या डिसेंबरात तो स्पेनमध्ये गेला आणि जनरल फ्रँकोच्या फौजांविरुद्ध बंदूक घेऊन उभा राहिला. 1937 च्या मे महिन्यात त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. तो वाचला, पण पुढच्याच महिन्यात त्याला स्पेनमधून पळून जावे लागले, आणि तेही फ्रँकोच्या भीतीने नव्हे. ज्या 'पौम' नावाच्या डाव्या पक्षाच्या तुकडीत तो लढला, तो पक्ष मॉस्कोच्या मर्जीतला नव्हता. म्हणून मॉस्कोनिष्ठ कम्युनिस्टांनी त्याला फ्रँकोचा हस्तक ठरवले, सरकारने त्यावर बंदी घातली आणि त्याचा नेता आंद्रेउ निन याला पकडून ठार करण्यात आले. आघाडीवर रक्त सांडून आलेल्या माणसांना त्यांच्याच बाजूची वर्तमानपत्रे गद्दार म्हणत होती. कादंबरीची मुळे या अनुभवात आहेत.

कादंबरीत जे घडते त्यातले जवळजवळ प्रत्येक वळण रशियाच्या इतिहासातून उचललेले आहे. बंड म्हणजे 1917 ची क्रांती. हाकलून दिलेला स्नोबॉल म्हणजे 1929 मध्ये देशाबाहेर काढलेला ट्रॉट्स्की. पवनचक्की म्हणजे पंचवार्षिक योजनांचा झपाटा. कोंबड्यांनी अंडी फोडून केलेला निषेध म्हणजे सामुदायिक शेतीच्या सक्तीला शेतकऱ्यांनी केलेला विरोध. अंगणात उभे राहून जनावरे न केलेले गुन्हे कबूल करतात आणि कुत्रे त्यांचे गळे फोडतात, ते 1936 ते 1938 मधले मॉस्कोचे खटले. 'साखरेच्या डोंगरा'ची स्वप्ने दाखवणारा कावळा मोझेस मधल्या काळात नाहीसा होतो आणि पुढे एक दिवस परत येतो. डुकरे त्याला हाकलत नाहीत. युद्धात लोकांचे मन राखण्यासाठी स्टालिनने 1943 च्या सप्टेंबरात ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मगुरूंना क्रेमलिनमध्ये बोलावून घेतले, त्याचा हा मासला.

या इतिहासाची एक बाजू मुसलमानांची आहे. ती आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. क्रांतीनंतर काही आठवड्यांतच, 1917 च्या डिसेंबरात, रशियातल्या आणि पूर्वेकडच्या कष्टकरी मुसलमानांना उद्देशून एक जाहीरनामा निघाला. तुमची श्रद्धा, तुमचे रीतिरिवाज, तुमच्या संस्था यांना यापुढे कुणी हात लावणार नाही, असे वचन त्यात होते. खाली दोन सह्या होत्या : लेनिन आणि स्टालिन. हजरत उस्मान यांच्या नावाने ओळखली जाणारी, झारच्या काळात समरकंदहून नेलेली कुराणाची प्राचीन प्रतही मुसलमानांना परत देण्यात आली. हजारो तातार, बश्कीर, उझ्बेक तरुण या वचनावर विश्वास ठेवून क्रांतीत उतरले.

त्यांच्यात मीरसैद सुलतान-गालियेव हा तातार शिक्षक होता. स्टालिनच्या हाताखाली राष्ट्रीयत्वांच्या खात्यात तो मोठ्या पदापर्यंत चढला. मुस्लिम जनतेच्या मुक्तीचा मार्ग तिच्या स्वतःच्या परिस्थितीतून निघाला पाहिजे, मॉस्कोने तो लादू नये, एवढेच त्याचे म्हणणे. 1923 मध्ये त्याला अटक झाली आणि पक्षातून काढण्यात आले. स्टालिनच्या पुढाकाराने पक्षातल्या वरच्या नेत्याला झालेली ती पहिली अटक मानली जाते. त्याचा निषेध करायला त्याच्याच मुसलमान सहकाऱ्यांना उभे केले गेले. 1940 च्या जानेवारीत त्याला गोळी घातली. 1938 च्या मार्चमध्ये बुखारिनबरोबर ज्यांचा खटला चालला आणि ज्यांना मारले गेले, त्यांत फैजुल्ला खोजायेव आणि अकमल इक्रामोव हे उझ्बेक नेतेही होते. तेही न केलेले गुन्हे कबूल करूनच गेले.

वचनाचे काय झाले? 1927 साली उझ्बेकिस्तानात बुरखा उतरवण्याची सरकारी मोहीम सुरू झाली. तिने स्त्रीला स्वतःच्या मनाने निवड करूच दिली नाही. एकीकडून पक्षाचा आणि दुसरीकडून घरच्या पुरुषांचा मार तिच्यावरच पडला. अरबी लिपी बाद होऊन लॅटिन आली, पुढे लॅटिन जाऊन रशियन लिपी आली. नातवाला आजोबांचे पत्र वाचता येईना. हजारो मशिदींना कुलपे लागली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात युक्रेनप्रमाणेच कझाकस्तानातही लाखो माणसे मेली. मग युद्धात गरज पडली तेव्हा मोझेस कावळ्याप्रमाणे मुफ्तीसाहेबही परत आणले गेले : 1943 च्या ऑक्टोबरात ताश्कंदमध्ये मध्य आशियातल्या मुसलमानांसाठी सरकारमान्य धार्मिक मंडळ स्थापन झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, 1944 च्या फेब्रुवारीत, सुमारे पाच लाख चेचेन आणि इंगुश लोकांना मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हद्दपार केले गेले. मे महिन्यात क्रिमियातल्या पावणेदोन लाखांहून अधिक तातारांवर तीच पाळी आली. त्यांचे तरुण त्या वेळी लाल सैन्यात लढत होते.

ऑर्वेलने ही कादंबरी लिहिली ती 1943 च्या नोव्हेंबरपासून 1944 च्या फेब्रुवारीपर्यंत. मालगाड्यांची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. पण ज्या कारभाराचे चित्र तो काढत होता, तो कारभार त्याच आठवड्यांत चेचन्यातली गावे रिकामी करत होता.

त्याच वर्षी, 1944 मध्ये, मुंबईत अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला. बार्शीत जन्मलेल्या मेहबूब पटेल ऊर्फ अमर शेखांच्या पहाडी आवाजावर गिरणगाव जीव ओवाळून टाकत असे. त्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. हिटलरच्या फौजेला स्टालिनग्राडला खरोखरच धूळ चारली गेली होती आणि त्यासाठी सोव्हिएत जनतेने मोजलेली किंमत खरी होती. माझा मुद्दा एवढाच, की एका बाजूचा पराक्रम खरा असतो आणि त्याच बाजूचा जुलूमही खरा असतो. पहिले सत्य डोळ्यांत भरले की दुसरे दिसेनासे होते.

ऑर्वेलला प्रकाशक मिळेना, त्याचे कारणही हेच. डाव्या विचारांच्या व्हिक्टर गोलान्झने पुस्तक नाकारले. जोनाथन केपने आधी तयारी दाखवली, मग माहिती मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन माघार घेतली. निदान डुकरांऐवजी दुसरे एखादे जनावर तरी घ्यायला हवे होते, अशीही कुरकुर झाली. डुकराविषयी आपल्या मनात जे असते ते इंग्रजांच्या मनात नव्हते, त्यांच्या तर न्याहारीला ते असे; तरीही मित्रराष्ट्राच्या नेत्यांना ही उपमा झोंबेल, ही काळजी होतीच. केपला सल्ला देणारा अधिकारी पीटर स्मोलेट हा सोव्हिएत हेर होता, असे पुढे कळले. 1944 च्या जुलैत टी. एस. एलियटनेही फेबर या संस्थेतर्फे नकार कळवला. सध्याच्या राजकीय परिस्थितीवर टीका करण्याची ही योग्य दृष्टी आहे याची खात्री वाटत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. अखेर युद्ध संपल्यावर, 17 ऑगस्ट 1945 रोजी, सेकर अँड वॉरबर्गने पुस्तक काढले.

या नकारांत भित्रेपणा होता, तसा एक प्रामाणिक युक्तिवादही होता. रशियात रोज हजारो सैनिक मरत होते. अशा वेळी त्यांच्या नेत्याची टवाळी करणे म्हणजे शत्रूला मदत, असे अनेक भल्या माणसांना मनापासून वाटत होते.

आणि त्यांची भीती पुढे खरी ठरली, हेही मान्य केले पाहिजे. शीतयुद्ध सुरू होताच इंग्लंड-अमेरिकेच्या सरकारी प्रचारयंत्रणांनी हे पुस्तक उचलून धरले. 1954 साली त्यावर निघालेल्या व्यंगचित्रपटाला अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचा, सीआयएचा, पैसा होता. त्या चित्रपटात शेवट बदलला गेला. मूळ पुस्तकात डुकरे आणि माणसे सारखीच दिसू लागतात, म्हणजे दोघेही शोषक ठरतात. ही गोष्ट पैसे देणाऱ्यांना सोयीची नव्हती. म्हणून चित्रपटातून ती गळली आणि डुकरांविरुद्ध जनावरांचे नवे बंड आले. लेखक 1950 च्या जानेवारीतच वारला होता. कोलीत खरोखरच विरोधकांच्या हाती गेले होते.

मग ऑर्वेल चुकला का? मला तसे वाटत नाही. हे पुस्तक ज्यांच्या दुःखाविषयी होते, त्यांनी ते कसे घेतले हे आधी पाहावे. युद्धानंतर जर्मनीतल्या छावण्यांत हजारो युक्रेनी निर्वासित होते. 1947 मध्ये त्यांच्यासाठी युक्रेनी भाषांतर निघाले आणि ऑर्वेलने मोबदला न घेता त्याला खास प्रस्तावना लिहून दिली. म्युनिकमधल्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांनी त्यातल्या सुमारे दीड हजार प्रती जप्त करून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केल्या. म्हणजे सोयीचे नव्हते तोवर अमेरिकेलाही हे पुस्तक नको होते. छावणीतल्या माणसाला मात्र त्यात स्वतःची कहाणी सापडली. जी 'बाजू' सांभाळायला सांगितले जात होते, तिच्या पायाखाली हीच माणसे चिरडली गेली होती.

यातून पहिली कसोटी मिळते. गप्प राहिल्याने कुणाचे रक्षण होते, हे पाहावे. जमातीची अब्रू वाचते असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा जमातीतल्या बलवानाची अब्रू वाचत असते आणि तिची किंमत दुबळा मोजत असतो.

दुसरी कसोटी ऑर्वेलच्या एका बारीकशा दुरुस्तीत आहे. कादंबरीत पवनचक्की सुरुंगाने उडवली जाते तेव्हा सगळी जनावरे, नेपोलियनसुद्धा, भुईवर पालथी पडतात, असे त्याने लिहिले होते. पुस्तक छापायला जाण्याआधी, 1945 च्या मार्चमध्ये, त्याने हे बदलून घेतले : नेपोलियन सोडून सगळी पालथी पडतात. कारण जर्मन फौजा मॉस्कोच्या वेशीवर आल्या तेव्हा स्टालिन शहर सोडून गेला नव्हता. त्याच्यावर अन्याय व्हायला नको. ज्याच्या जुलमाविरुद्ध सगळे पुस्तक लिहिले, त्याच्याही वाट्याचे सत्य त्याला दिले. सूरह माइदामध्ये, एखाद्या लोकसमूहाविषयीच्या वैरामुळे न्यायापासून ढळू नका, अशी ताकीद आहे. ऑर्वेल धार्मिक नव्हता. पण त्याने त्या दिवशी केले ते याहून वेगळे नव्हते.

तिसरी कसोटी, साक्ष भाड्याने देऊ नये. पुस्तक गाजू लागताच 1945 च्या नोव्हेंबरात अथॉलच्या डचेसने त्याला पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट जुलमाविरुद्धच्या एका सभेत बोलायला बोलावले. त्याने नकार दिला. युरोपातल्या लोकशाहीचा कैवार घेणारे, पण इंग्रज साम्राज्याविषयी चकार शब्द न काढणारे हे लोक. त्यांच्या व्यासपीठावर मी येणार नाही, मी डाव्यांपैकी आहे आणि मला तिथेच काम केले पाहिजे, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता आणि मोतिहारीत जन्मलेला हा लेखक ते विसरला नव्हता.

पण हाच ऑर्वेल एका ठिकाणी घसरला. 1949 च्या मे महिन्यात, क्षयाने अंथरुणाला खिळलेला असताना, ज्यांच्यावर प्रचाराच्या कामात विश्वास ठेवू नये अशा 38 व्यक्तींची नावे त्याने ब्रिटिश सरकारच्या एका प्रचार खात्याला कळवली. ती यादी 2003 मध्ये जगापुढे आली. त्या नावांपैकी एक, पीटर स्मोलेट, खरोखर हेर होता. तरीही मला ही कृती समर्थनीय वाटत नाही. कादंबरी ही उघड साक्ष होती : खाली लेखकाचे नाव, कुणीही वाचावी, कुणीही खोडून काढावी. यादी ही सत्तेच्या कानात सांगितलेली गोष्ट होती. ज्यांच्याविषयी सांगितले त्यांना उत्तर देण्याची संधीच नव्हती. आपल्या भाषेत यासाठी चांगला शब्द आहे : चहाडी. आपल्या माणसांविरुद्ध साक्ष देणे आणि आपल्या माणसांची चहाडी करणे यांतला फरक समजायला ऑर्वेलच्या आयुष्यातले हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवावेत.

आता आपल्याकडे वळू. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत सचिवालयावर गेले. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, अशी त्यांची मागणी होती. दलवाईंच्या इतर मतांशी, त्यांच्या भाषेशी कुणी सहमत असेल वा नसेल. मीही सगळीकडे नाही. परंतु एका श्वासात तीनदा तलाक म्हणून बाईला घराबाहेर काढण्याची पद्धत अनुचित आहे, हे त्या दिवशीही सर्वांना ठाऊक होते. तिला 'बिदअत' हे नाव आपल्याच फुकहांनी दिले होते. तरी आपण काय म्हणालो? ही वेळ नव्हे. 1985 मध्ये शाहबानोचा निकाल आला तेव्हाही ही वेळ नव्हे. 2017 मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की, निकाहाच्या वेळी वराने हा मार्ग घेऊ नये असा सल्ला काझींनी द्यावा, असे आम्ही कळवू. तीन महिन्यांनी, 22 ऑगस्टला, न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती पद्धत रद्द केली. 2019 मध्ये तिच्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा कायदा झाला. 1966 पासून मोजले तर 53 वर्षे. या 53 वर्षांत जी गोष्ट आपण आपल्या भाषेत, आपल्या दीनाच्या आधाराने, प्रेमाने करू शकलो असतो, ती अखेर इतरांनी त्यांच्या भाषेत केली. मधल्या काळात किती बायका माहेरच्या ओसरीवर बसून राहिल्या, त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही.

कोलीत विरोधकांच्या हाती जाऊ नये म्हणून आपण ते घरातच झाकून ठेवले. त्यामुळे आधी घर जळाले आणि नंतर कोलीतही त्यांच्याच हाती गेले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ऑर्वेल ज्या बाजूवर बोलत होता तिच्या हाती रणगाडे होते. आपला समाज सत्तेत नाही. त्याची वंचितता 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने सरकारी आकड्यांनीच मांडली आहे. सत्ताधाऱ्याला लावायची कसोटी दुर्बळाला का लावावी? हा फरक मला मान्य आहे. म्हणूनच वरच्या तीनही कसोट्या एकत्र लावायला हव्यात. जो मुसलमान लेखक तलाकविषयी बोलतो आणि दंगलीविषयी, झुंडबळीविषयी, नोकरी-घर नाकारण्याविषयी मौन पाळतो, त्याची साक्ष अर्धी आहे आणि अर्ध्या साक्षीला गिऱ्हाईक लगेच मिळते. पण बाहेर दुर्बळ असलेला माणूस घरातही दुर्बळच असतो असे नाही. मालकाकडे मान खाली घालणारा मजूर घरी आल्यावर कुणाचा तरी मालक होतो. घरातल्या त्या मालकीला बाहेरच्या जुलमाचे कारण पुरत नाही.

कादंबरीतला निर्णायक क्षण कोणता, हे ऑर्वेलने 1946 साली एका मित्राला पत्रातून कळवले होते. तो क्षण कुत्र्यांनी गळे फोडण्याचा नाही. बंडानंतर पहिल्याच दिवसांत गाईंचे दूध आणि झाडाखाली पडलेली सफरचंदे डुकरे स्वतःसाठी ठेवून घेतात, तो तो क्षण. त्याच वेळी इतर जनावरांनी हरकत घेतली असती तर पुढचे टळले असते, असे त्याला म्हणायचे होते. ती हरकत का घेतली गेली नाही? कारण त्यांना सांगितले गेले, की भांडत बसलात तर जोन्स परत येईल. जोन्सची भीती खोटी नव्हती. तो खरोखरच परत यायला टपला होता. म्हणूनच ती भीती इतकी उपयोगी पडली.

प्रत्येक समाजाला आपला एक जोन्स असतो. तो आहे हे नाकारण्यात शहाणपण नाही, आणि तो आहे म्हणून दूध-सफरचंदांचा हिशेब न मागण्यातही नाही. मोहल्ल्याच्या ट्रस्टचा जमाखर्च, वक्फच्या जमिनीचा करार, मदरशातल्या मुलाच्या पाठीवरचे वळ, बहिणीचा वारसाहक्क : हे सगळे अजून दूध आणि सफरचंदांच्या टप्प्यावरचे प्रश्न आहेत. आज विचारले तर विचारणाऱ्याला फार तर चार शिव्या बसतील.

सूरह निसामध्ये इन्साफासाठी खंबीर उभे राहून साक्ष देण्याचा हुकूम आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना. तिथे वेळ पाहून साक्ष द्या, असे म्हटलेले नाही. पैगंबरांनी (स.) जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करा असे सांगितले, तेव्हा सहाबांना नवल वाटले, ती मदत कशी करायची, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले : त्याचा हात धरून. आपल्या माणसांविरुद्ध दिलेली साक्ष म्हणजे असा धरलेला हात असेल तर ती गद्दारी होत नाही. फक्त तो हात भावाचा आहे, हे धरणाऱ्याच्याही ध्यानात राहिले पाहिजे.